याकोबची कबुली

"झोपेत बडबडलो असेन मी," खांबाला बांधलेला याकोब म्हणाला. "नाहीतर आघाडीवरून पळायचा माझा बेत मेजरला कसा कळला? जागेपणी तर मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं, पाद्रीसाहेब. कबुली देताना."

रेव्हरंड उजागरे गळ्यातल्या क्रूसाशी चाळा करत राहिले. कबुली ऐकली त्याच दुपारी ते मेजरच्या तंबूत गेले होते. पलटणीतल्या पहिल्या देशी पाद्र्याला गोऱ्या साहेबापुढे निष्ठा दाखवायची होती.

समोर सहा शिपायांनी बंदुका सरसावल्या. हवालदार काळी पट्टी घेऊन पुढे आला.

"पट्टी नको," याकोब म्हणाला. "मी पाद्रीसाहेबांकडे बघत राहीन. तेवढाच आधार."

उजागऱ्यांनी हवालदाराच्या हातातून पट्टी ओढून घेतली आणि स्वतःच याकोबच्या डोळ्यांवर करकचून बांधली.