फादरचे दोन शब्द

"आता कॉलेजच्या नव्या प्राचार्यांबद्दल फादर दोन शब्द बोलतील."

निवड समितीतले म्हातारे फादर माइकपाशी आले, माझ्याकडे बघत राहिले आणि "देव याचं भलं करो" एवढंच म्हणून खाली बसले.

"गहिवरले हो बिचारे," शेजारी बायको कुजबुजली.

परीक्षेचा पेपर मी फोडला होता आणि नोकरी गेली होती कारकुनाची. फादरना त्याची कुणकुण लागली, तेव्हा निवडीच्या आदल्या दिवशी मीच त्यांच्यापुढे गुडघे टेकून कन्फेशन केलं. तिथे ऐकलेलं ते मरेपर्यंत कुणाला सांगू शकत नाहीत. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, फक्त त्यांचं तोंड बंद करायचं होतं.

आज मात्र खरंच कन्फेशन करावंसं वाटतंय, आणि आमच्या चॅपेलला फादर तेवढे एकच आहेत.