मटिल्डा टीचरचा पुठ्ठा

पडद्यावर सर्टिफिकेट आलं आणि पुढच्या चटईवरची पोरं एका सुरात ओरडली, "यूऽऽ!"

यू म्हणजे लहानथोर सगळ्यांनी बघावा असा सिनेमा. पण मटिल्डा टीचरना सेन्सॉर बोर्डाचं फारसं कौतुक नव्हतं. बोर्ड बसतं मुंबईत. पापडी गावातली पोरं कुणी सांभाळायची? गावात केबल आली तरी मोठा पडदा तो मोठा पडदा. म्हणून मे महिन्यातल्या रविवारी दुपारी खिडक्यांना काळी कापडं लावून चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा ठरला, की टीचर प्रोजेक्टरशेजारी स्टूल टाकून बसत. मांडीवर शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा. नको ते आलं की पुठ्ठा भिंगापुढे. पडदा काळा, आवाज चालू. नको ते सरलं की पुठ्ठा खाली. मशीन आग्नेल चालवायचा, पण हुकूम टीचरचा.

आदल्या दिवशी एकटीनं बसून त्यांनी अख्खा सिनेमा बघितला होता आणि वहीत टिपून ठेवलं होतं. नदीतलं गाणं: झाकणे. बागेतली भेट: झाकणे. दारुड्या घरी येतो: पोरांना आवडेल.

नदीतलं गाणं झाकलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्रोजेक्टरच्या मागे खुर्च्यांवर बसलेले बाप्ये हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं लुईस हसला. लुईस म्हणजे गावचा हसरा माणूस. लग्न असो, मयत असो, धावून जाणारा. आजचा प्रोजेक्टरही काल त्यानंच टेम्पोत घालून आणला होता.

त्याची नऊ वर्षांची रिटा चटईवर बसली होती. पप्पा हसला की ती वळून मागे बघायची. न प्यायलेल्या पप्पाचं हसणं वेगळं आणि प्यायलेल्याचं वेगळं. आजचं दुसरं होतं. सिनेमा संपला की घरी जायचं होतं.

तेवढ्यात पडद्यावर दार वाजलं.

दारुड्या घरी आला होता. एक चप्पल पायात, दुसरी हातात. "दार उघड गं!" पोरं खिदळली. त्यानं दाराला लाथ मारली आणि स्वतःच पाठीवर आपटला. हॉल हसून हसून लोळायला लागला. आत त्याची बायको कडी धरून उभी होती. तिला घाबरल्याचं तोंडही असं करायला लावलं होतं की लोकांनी त्यालाही हसावं.

रिटानं डोळे झाकले. मग कान झाकले. दोन हात दोन्हींना पुरेनात. ती उठली, पोरांच्या पायांतून वाट काढत प्रोजेक्टरपाशी आली आणि तिनं टीचरचं मनगट धरलं.

"टीचर, पुठ्ठा ठेवा."

"अगं, यात झाकण्यासारखं काय आहे? गंमत आहे ती."

"ठेवा ना. आता तो आत येल."

"येऊ दे. परत पडेल बघ धपकन."

"नाय पडत. आत आला का कडी लावतो. मग आईला बोलतो, आवाज काढू नको, शेजारी ऐकतील."

टीचरनी पडद्याकडे बघितलं. या सिनेमात शेजारी कुठेच नव्हते.

त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं. रिटाची आई हसत होती. हसता हसता तिनं एकदा मागे, लुईसकडे, नजर टाकली आणि मग आणखी मोठ्यानं हसली.

तीस वर्षं शाळा गाजवलेल्या मटिल्डा टीचरची पाचावर धारण बसली. पुठ्ठा ठेवला तर लुईस विचारणार, का ठेवला? पोर तर इथं त्यांच्याजवळ उभी. त्याला कळायला किती वेळ लागणार? आणि नाही ठेवला तर ही पोर हे सगळं इथंही बघणार. घरी बघते ते कमी होतं का?

त्यांनी रिटाला ओढून आपल्या झग्याच्या आड घेतलं आणि पुठ्ठा भिंगापुढे धरला.

पडदा काळा झाला.

"ओ टीचर!" लुईस मागून ओरडला. "इथं काय हाय झाकायला? चांगला सीन चाललाय!"

"वहीत आहे," टीचर म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या वहीबद्दल खोटं बोलल्या.

"टीचर, काढू का रीळ पुढं?" आग्नेलनं हळूच विचारलं. पण टीचरचे कान मागच्या खुर्च्यांकडे होते.

अंधारात दार वाजत राहिलं. लाथ. शिवी. कडी निघाल्याचा आवाज. मग भांडं पडलं, आणि बाईचा आवाज आला, "नको, नको." चित्र दिसत होतं तोवर सगळी गंमत होती. आता नुसता आवाज उरला, आणि तो कुठल्याही घरातला असावा असा वाटायला लागला. पोरांचं हसणं थांबलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. बाप्येही गप्प झाले. एकटा लुईस तेवढा हसत होता.

मग त्याचंही हसणं थांबलं. मागे त्याची खुर्ची सरकली.

टीचरनी पुठ्ठा खाली घेतला नाही. झग्याआडून रिटाची बोटं त्यांच्या मनगटात रुतली.

"टीचर," ती कुजबुजली, "आवाजावर पण ठेवा ना."