डिपर

"उजवा दिवा पुन्हा वर चढलाय, आणि तुम्ही मला पाणी हवंय का विचारता?"

ठिणगीने गाडीची किल्ली सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर आपटली. हे नाव तिला घरच्यांनी उगाच ठेवलं नव्हतं. गणवेशांच्या कारखान्यात ती कापड कापायची. थरावर थर रचलेल्या कापडातला सूतभर तिरकेपणाही तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि इथे कोऱ्या करकरीत गाडीचा एक डोळा रस्त्याकडे, दुसरा आभाळाकडे. समोरून येणारे शिव्या घालत जायचे. दोनदा दिवा सरळ करून घेतला होता, दोनदा तो चार दिवसांत पुन्हा वर. गुळगुळीत सोफे, गुळगुळीत हसू आणि कामाच्या नावाने बोंब.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि तिला जवळ बोलावलं. आत सगळीकडे धूळ बसली होती. उजव्या दिव्यामागचा एक स्क्रू तेवढा लख्ख पुसलेला.

"ताई, आम्ही बसवून देतो. घरी कोणीतरी फिरवतंय."

घरी होतं कोण? वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आई. आणि जन्मभर ट्रक चालवून आता तिची उस्तवार करणारे वडील. ठिणगी काय ते समजली. नवीन गाडी घ्यायची ठरली तेव्हापासून वडिलांचं एकच पालुपद, जुनी काय वाईट होती. त्या खटाऱ्याचा दिवा त्यांनीच फाटकावर धडकवून वाकडा केला होता, तरी ती गुणाची. आता नवीला बदनाम करायला म्हातारा स्क्रू पिळत होता.

त्या संध्याकाळी ती चपला न काढताच जिना चढली. वडील आईला भरवायला बसले होते. आईने दात आवळलेले, चमचा हवेतच. झटका आल्यापासून तिचं बोलणं गेलं होतं, मान वळत नव्हती. डाव्या हाताची बोटं हलतील, पण तिने मनावर घ्यायला हवं, असं डॉक्टर म्हणायचे. म्हणून वडिलांनी खोलीतल्या दिव्याचं बटण लांब वायर लावून तिच्या बोटांशी आणून ठेवलं होतं. आईने ते एकदाही दाबलं नव्हतं. कशाला दाबेल? दिवा लावून बघायचं काय, तर छतच. नातेवाईक यायचे, च्च च्च करायचे, चहा प्यायचे आणि सुटायचे.

"बाबा, गाडीच्या दिव्याला हात तुम्ही लावता?"

वडिलांनी नाही म्हटलं नाही. चमचा वाटीत ठेवला.

"आईशेजारी पड जरा."

"मी काय विचारतेय?"

"पड म्हणतो ना."

ती पडली. छत दिसलं. पंखा, एक चीर, कोपऱ्यातलं जाळं. बस. आई सकाळपासून रात्रीपर्यंत एवढंच बघत होती.

मग वडील अडखळत सांगत गेले. जुनी गाडी खालच्या वळणावर आली की तिच्या वाकड्या दिव्याचा उजेड खिडकीतून आत यायचा. छतावरून या टोकाकडून त्या टोकाला पळायचा. तो पळाला की आईच्या ओठाचा एक कोपरा वर जायचा. लेक आली. मग ती चार घास नीट घ्यायची. नवीन गाडी आली आणि छत विझलं. त्या गाडीला मेलीला आवाजही नाही.

"मी येतेच की वर," ठिणगी म्हणाली. "मला बघून नाही हसत ती?"

"तू येतेस ती तोंडावर कारखाना घेऊन येतेस, पोरी. उजेड तसा येत नाही."

आईच्या उशीवर डोकं टेकून ठिणगी पंख्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, तो दिवा समोरच्याच्या डोळ्यात जातो, उद्या कोणाचा तरी जीव जाईल. वडिलांनी मान हलवली. असले दिवे लावणाऱ्यांना आपण जन्मभर शिव्या घातल्यात, म्हणाले. आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून तिच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने दिवा सरळ करून घेतला. मेकॅनिकची माफीही मागितली, तिच्या पद्धतीने. चूक तुमची नव्हती, म्हणाली, पण सोफे तरी फालतूच आहेत.

दिवस मावळता मावळता ती खालच्या वळणावर आली आणि थांबली. रस्ता मोकळा होता. चढावर घर, वर ती खिडकी, काळोखी. गाडी शिकवताना वडील सांगायचे, डिपर म्हणजे दमदाटी नव्हे, हाक असते. समोरचा चांगल्या घरचा असेल तर ओ देतो. ठिणगीने स्टिअरिंगजवळची दांडी ओढली. सोडली. पुन्हा ओढली. दोन्ही दिवे एकदम वर उसळले आणि खिडकीतून आत शिरले.

ती वाट बघत राहिली. कसली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

खिडकीत दिवा लागला. विझला. जरा वेळ गेला, आणि पुन्हा लागला.

ठिणगीला हसू फुटलं. म्हातारा ट्रकवाला तो ट्रकवालाच, ओ दिल्याशिवाय राहायचा नाही. तिने गाडी गिअरमध्ये टाकली, तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

बाहेर वडील उभे होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली औषधांची पिशवी हातात, नजर वर खिडकीकडे. तिने काच खाली केली.

"घरात तिच्याशिवाय कोणी नाही," ते म्हणाले.