दोन ट्रे म्हाकुळाची अंडी

धाकट्या जावेच्या ट्रेमधली अंडी फुगून काचेसारखी झाली होती. आतली म्हाकुळाची इवली, दहा पायांची पिल्लं चक्क डोळे फिरवत होती. काल संध्याकाळी ते पाहून थोरलीनं आपला ट्रे पुढे ओढला. तिची अंडी अजून काळ्या द्राक्षांसारखीच होती, वर सुरकुतलेली.

टाक्यांत म्हाकूळ वाढवायचं हे काम ती आठ वर्षं करत होती. माद्या अंडी घालून मरायच्या. मग ती अंडी हीच जपायची. धाकटीला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आणि आज जिच्या ट्रेमध्ये पिल्लं दिसतील, तिच्या हाती सगळं पैदास केंद्र जाणार होतं. दुसरीनं मासे निवडायच्या शेडमध्ये जायचं.

"जावा-जावा, उभा दावा!" पाणी तपासणारे काका हसायचे. थोरलीला हसू यायचं नाही. धाकटीच्या हाताला गुण होता, कडेवर पोर होतं. ते झोपायचं थोरलीच्याच कुशीत, पण 'आई' म्हणायचं धाकटीला. सगळं एकीच्याच ओटीत घालायचं म्हणजे काय?

सकाळी धाकटी गालात हसत म्हणाली, "ताई, तोंड गोड करायची तयारी ठेवा हं!"

"कुणाचं गं?"

"कळेलच की!"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवणाच्या सुट्टीत ती अंड्यांच्या खोलीत शिरली. उजेड लागू नये म्हणून तिथे जाड पडदे. कुठला ट्रे कुणाचा, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. केंद्राचे साहेब मात्र ट्रेच्या मागच्या खाचेतली नावाची चिठ्ठी बघून ठरवायचे. दाराकडे डोळे ठेवून, न वाचताच, तिनं दोन्ही चिठ्ठ्या उपसल्या आणि याची त्याला, त्याची याला खोचली.

सुट्टी संपल्यावर साहेबांनी बॅटरी मारली. एका ट्रेमध्ये नखाएवढी वीस-पंचवीस पिल्लं तरंगत होती. साहेबांनी चिठ्ठी काढून वाचली.

"धाकट्या बाई! शाबास!"

थोरलीच्या पायाखालची वाळू सरकली. धाकटीचा चेहरा तर तिच्याहून पांढराफटक. तिनं थोरलीचा हात घट्ट धरला आणि कानाशी कुजबुजली,

"ताई, सकाळी लवकर येऊन मी चिठ्ठ्या बदलल्या होत्या हो, तुमच्यासाठी. परत कुणी बदलल्या?"