सगळीच्या सगळी निळी

एक पीस. रंग ओल्या पाटीचा, कडेला काजळाची बारीक रेघ.

अंगणात कुणी न सांगता पसरलेली सुताराची मोजपट्टी.

पाय बांधून पोत्यात घातलेला काळा कोंबडा, भलताच शांत.

"आणि एक जरी काळं निघालं तर?"

हा प्रश्न धाकट्या भावाचा. मोजपट्टीही त्याचीच. अंगण दोघा भावांचं सामाईक, पण निम्म्याहून जास्त जागा थोरल्याच्या खुराड्यांनी खाल्लेली. धाकट्याला तिथे लाकडासाठी शेड घालायची होती.

थोरल्याला सगळे पिसेवाला म्हणत. त्याला ना अंड्यांत रस, ना मांसात. हवं होतं ते निळं पीस, आणि प्रत्येक पिसाला एकसारखा काळा काठ. त्यासाठी वर्षानुवर्षं तो निळ्या कोंबड्याला निळ्याच कोंबड्या जोडत आला होता. दर खेपेला निम्मी पिल्लं निळी निघत. उरलेल्यांत काही कोळशासारखी काळी, काही पांढरी, अंगावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी. ती जरा मोठी झाली की पोत्यात घालून बायकोच्या बहिणीकडे रवाना.

"रक्तातली घाण आहे," तो म्हणे. "काढत राहिलं की संपेल."

"तू म्हातारा होशील दादा, ती नाही संपायची," धाकटा म्हणाला. "या खेपेला सगळी निळी निघाली तर जागेचं नाव काढणार नाही. एक जरी दुसऱ्या रंगाचं निघालं तर खुराडी हलवायची. बोल."

पिसेवाल्याने मिशीवरून बोट फिरवलं. तेवढ्यात बायको हात पुसत बाहेर आली.

"लावा पैज," ती म्हणाली. "आणि भावजी, हरलात तर माझ्या ओट्याखालची फळी बसवून द्यायची. नुसतं 'उद्या येतो' नको."

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मग! खुराडी गेली तर हे दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुडणार."

पिसेवाल्याला जोर चढला. त्याने सगळ्यात देखणा निळा कोंबडा निवडला, काठ न् काठ पारखून कोंबड्या निवडल्या. अंडी गोळा करून उबवायच्या मशीनमध्ये मांडायचं काम नेहमीप्रमाणे बायकोचं. त्याचा हात जड, दोन-चार तरी फुटायचीच.

"मागच्या वर्षीचा तो काळा," एकदा जेवताना त्याने विचारलं, "तुझ्या बहिणीकडे नीट शिजला का? की चिवट निघाला?"

"ती खूश आहे," बायको म्हणाली आणि त्याला वाढलं.

अंडी फुटायला लागली तसा धाकटा मोजपट्टी घेऊनच हजर झाला. पहिलं पिल्लू राखी. निळी पिल्लं जन्मताना अशीच असतात. दुसरं राखी. मग एकदम पाच-सहा. धाकटा प्रत्येक पिल्लू उलटंसुलटं करून बघत होता. शेवटचं अंडं बराच वेळ नुसतंच हललं. पिसेवाला वाकून बघत राहिला.

तेही राखी.

धाकट्याने बोट ओलं करून पिल्लाच्या पाठीवर घासलं.

"साबण आणून देऊ का?" पिसेवाला म्हणाला.

धाकट्याने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. "मानलं, दादा."

"घाण संपली!" पिसेवाल्याची छाती फुगली होती. "याला चिकाटी लागते. नको ते वेळीच काढून टाकावं लागतं. मी त्या काळ्या-पांढऱ्यांना इथे ठेवून घेतलं असतं, तर दिसला असता हा दिवस?"

"छे," बायको म्हणाली. "भावजी, फळीचं माप घेऊन जा."

मशीन भरलं त्या सकाळी ती अंड्यांची टोपली घेऊन बहिणीकडे जाऊन आली होती. तिथे परसात तो काळा कोंबडा शिंतोडेवाल्या कोंबड्यांबरोबर मजेत नांदत होता, आणि त्यांचं प्रत्येक पिल्लू निळं निघत होतं.