मिटलेला पंख

हँग ग्लायडरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक नियम सगळ्यांना पाठ असतो. मध्येच कुठे उतरावं लागलं आणि आपण धडधाकट असलो, तर पंख लगेच मिटून ठेवायचा. पसरलेला पंख दिसला की वरून जाणाऱ्याने शर्यतीवर पाणी सोडून शेजारी उतरायचं.

टेकडीजवळच्या माळावर थोरल्या साडूला धाकट्याचा निळा पंख पसरलेला दिसला. सासरी जावं तेव्हा याच पठ्ठ्याच्या बक्षिसांचं कौतुक ऐकून त्याचे कान किटले होते. आज पहिल्यांदाच तो धाकट्याच्या पुढे होता. 'दमला असेल, मिटेल सावकाश,' अशी स्वतःची समजूत घालत तो टेकडीमागे वळला आणि थेट शेवटच्या मैदानात पहिला उतरला.

संध्याकाळी दवाखान्यात शिरताना त्याने गळ्यातलं पदक काढून खिशात कोंबलं. धाकट्याचा पाय मोडला होता. दिवस कलल्यावर एका गुराख्याला तो सापडला होता.

"पण मागून तर कितीतरी जण आले असतील! कुणीच कसं उतरलं नाही?" थोरल्याने खाली मान घालून विचारलं.

 

"ते कसे उतरतील, दाजी? तुम्ही टेकडीमागे वळलात, मला वाटलं, उतरायला जागा बघताय. मग मी खुरडत जाऊन पंख मिटून टाकला. म्हटलं, दाजी येतायत, आता बाकीच्यांची शर्यत कशाला बुडवायची?"