मलकपेठेतलं फ्रेंच

२०१९ सालची गोष्ट. डॉक्टर हर्षवर्धन यांनी रिपोर्ट पाहिला आणि दखनी हिंदी सोडून ते एकदम फ्रेंचमध्ये बोलू लागले. ल्याँला शिकलेला माणूस. समोर रेणुका, विद्यापीठातून फ्रेंच घेऊन एम.ए. झालेली, त्याच इस्पितळात आफ्रिकेहून येणाऱ्या रुग्णांची दुभाषी. शेजारी तिची आई, पार्वतीबाई.

वाईट बातमी रुग्णाला नाही, घरच्यांना सांगायची, ही तिथली रीत. पण पार्वतीबाई लेकीचा हात सोडून बाहेर बसायला तयार नव्हत्या.

डॉक्टरांनी सांगितलं : पसरलंय. थोडेच महिने.

रेणुकाचा चेहरा हलला नाही. तिचे वडील आबासाहेब आजाराचं नाव कळताच अन्न सोडून गेले होते. आईचं तसं व्हायला नको होतं.

"काय म्हणाले गं?"

"पित्त वाढलंय. तिखट बंद."

"एवढंच ना? जा, औषधं घेऊन ये. मी बसते इथंच. मग आबिड्सच्या बाजारात जाऊ, तुला साडी घ्यायचीय."

रेणुकाने फ्रेंचला प्रवेश घेतला तेव्हा निवृत्तीमामा हसला होता. "मलकपेठेत फ्रेंच कोण बोलतं गं? भाजीवाला?" पार्वतीबाई भावावर उखडल्या होत्या. नोकरीच्या मुलाखतीआधी तर पोळ्या लाटता लाटता त्या सरावासाठी रुग्ण व्हायच्या. त्यांचे फ्रेंच उच्चार ऐकून मायलेकी हसून बेजार. नोकरी लागली तशी म्हणाल्या, "झालं बाई, आता सगळं डोक्यातून काढते."

पुढे रेणुका रोज नवं खोटं बोलली. पार्वतीबाई निमूट बिनतिखटाचं जेवल्या, लेकीला लोणचं घालायला शिकवलं, आणि पावसाळ्याआधी गेल्या. आईला कळलं नाही, एवढंच रेणुकाला समाधान.

निवृत्तीमामाने नोकरी मिळते म्हणून नातीला फ्रेंचला घातलं. रेणुका दुभाष्यांची प्रमुख झाली. आबिड्सची साडी तिने कधी नेसली नाही. डॉक्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"इतकी वर्षं शब्द पाळला. तुम्ही औषधं आणायला गेलात ना, तेव्हा आईंनी मला विचारलं, किती दिवस? फ्रेंचमध्ये. मी बोटांवर महिने दाखवले. मग म्हणाल्या, 'मेरेकू समझ गया बोलके बच्ची कू नक्को बोलो, डाक्टर साब.'"